तिकोनी बांधीच्या धुऱ्यावरून

मी भांडखोर माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. गोंदियातल्या एका शाळेत चित्रकला शिकवतो, कुडव्यात राहतो, आणि वीस वर्षं पोरांकडून आंबा, घडा आणि झेंडा काढून घेता घेता माझं डोकं सडून गेलं होतं. म्हणून मी चित्रकादंबरी करायला घेतली. शाळेतले मास्तर हसायचे. "अच्छा, कॉमिक निकाल रहे हो क्या सर?" मी म्हणायचो, कॉमिक तुमच्या घरी. हे मोठ्या माणसांचं काम आहे. खरी घटना, खरं गाव, खरा खून, आणि तो चौकटी-चौकटीनं असा दाखवायचा की वाचणाऱ्याचा घास अडकला पाहिजे. नागपूरच्या एका प्रकाशकाला जुन्या खुनांवरची अशी पुस्तकं हवी होती. माझ्याजवळ एक खून होता. तोही सासुरवाडीचा.

माझ्या बायकोचं माहेर दवनीवाड्याच्या पुढे आहे. सगळं धानाचं गाव. तिथं एक बोडी आहे, म्हणजे पाळ घालून अडवलेलं लहानसं तळं. सत्तरेक वर्षांमागं त्या बोडीत एक तरुण विधवा बुडून मेली. नवरा साप चावून गेलेला, मूलबाळ नाही, आणि बोडीखालची नवऱ्याच्या वाट्याची जमीन तिच्या नावावर होणार होती. पोलिसांनी तिच्या दोन्ही थोरल्या दिरांना धरलं. खटला भंडाऱ्याच्या कोर्टात चालला, तेव्हा आमचा सगळा मुलूख भंडाऱ्यातच होता. साक्षीदार एकच, दहा वर्षांची एक पोरगी. तिनं सांगितलं, मी पाळीवर धुण्याच्या दगडाजवळ उभी होते, बाई एकटीच होती, आपल्या पायानं पाण्यात गेली. झालं! दोघंही सुटले. उरलेलं गावानं जोडलं. पोटुशी होती, म्हणे, लाजेपायी जीव दिला. आजही एखादी पोरगी घरी उशिरा आली की तिची माय विचारते, "बोडीवालीच्या वाटेनं चालली का वो?"

साक्ष दिल्यावर चार वर्षांनी त्या पोरीचं लग्न झालं. थोरल्या दिराच्या पोराशी. म्हणजे ज्याच्यावर खटला होता त्याची ती सून झाली. गाव म्हणालं, गरिबाच्या पोरीचं नशीब फळफळलं. मी म्हणतो, साक्षीदाराचं तोंड बांधायचं असलं तर यापेक्षा पक्की गाठ कोणती?

ती बाई अजून आहे. ऐंशीच्या पुढची. गावात सगळे तिला बुढीच म्हणतात, माझ्या बायकोची ती लांबची मोठी माय लागते. नवरा मागंच गेला. दोन मुलं, दोघंही साठीला टेकलेली. थोरला शेती पाहतो आणि धानाचा व्यापार करतो, धाकटा त्याच्या मागं मागं. घरात फरशी, दारात ट्रॅक्टर, गावात वट.

मी खुनावर पुस्तक करतो आहे हे कळल्यावर तिनं मला निरोप धाडला. मी गेलो तर घरात ती एकटीच, बाकी सगळे कापणीला गेलेले.

"जवाईबापू, बोडीचं चित्रात काढून राहिले म्हन्ते तुमी. खरं हाय?"

"हो. कोर्टाचे कागद मिळवले मी."

"कागदात काय हाय? कागदात तं मीच सांगतलं ते हाय." मग ती म्हणाली, "ती एकटी नोहोती."

माझ्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगतो, आनंदानं आला. असा माणूस आहे मी. समोर एक म्हातारी सत्तर वर्षांचं ओझं उतरवत होती आणि माझ्या डोक्यात पानं लागत होती, इथं मोठी चौकट, इथं तीन लहान.

तिनं सगळं सांगितलं. त्या दिवशी ती पाळीवर नव्हतीच. तिकोनी म्हणून एक बांधी आहे, म्हणजे धानाचं खाचर, तीन कोपऱ्यांचं, म्हणून तिकोनी. तिच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तूर पेरलेली होती. आमच्याकडे धानाच्या धुऱ्यावर तूर असतेच. पोरगी तुरीत बसून हिरव्या शेंगा खात होती. समोर बोडी. दोघे दीर भावजयीला घेऊन पाण्यात उतरले. "झोडपाले पेंडी धरते ना, तसं धरलं तिले. एकानं मान, एकानं पाय. हात वर आला दोनदा. मंग नाई आला. माया तोंडात शेंगा होत्या, जवाईबापू. गिळता नाई ये न् थुकता नाई ये."

तिकोनी बांधी त्या दिरांच्या घरचीच होती, बुढीचा बाप ती ठेक्यानं करायचा. साक्षीनंतर ती बापाच्या नावावर झाली. आणि पोरगी त्यांच्या घरात आली. सासऱ्याला तिनं तीस वर्षं जेवायला वाढलं. शेवटी त्याला लकवा मारला तेव्हा त्याचं हागणं-मुतणं तिनंच काढलं.

"तो कधी काही बोलला?"

"एकदाच. लग्नाच्या दुसऱ्या दिशी. म्हने, आता तू घरातली झाली."

मी विचारलं, मग आता कायले सांगता? तर ती चिडली. "आता नाई त कवा? मी मेली का मंग? तिले पोटुशी म्हन्तेत लोकं. माया सुनाबी म्हन्तेत. मायासमोर म्हन्तेत." मग तिनं माझा हात धरला. "पन मायं नाव नोका टाकू. मायं तोंड नोका काढू. पोरं हाकलतीन मले. पोरायच्या खांद्यावर जावं, एवढंच राह्यलं आता मायं. तेवढं जाऊ नोका देऊ."

मी शब्द दिला. आणि मोठ्या तोऱ्यात दिला, की मोठी माय, चिंताच करू नका.

दुसऱ्या दिवशी ती मला तिकोनीवर घेऊन गेली. लोकांना सांगितलं, जवाईबापूंना तूर दाखवते. धुऱ्यावर पोचल्यावर म्हणाली, "बसा." मी उकिडवा बसलो. "अजून खाली." मी बसलोच चिखलात. फोनवर फोटो काढायला लागलो तर तिनं माझा हात धरून खाली दाबला. "मी एवढीच होती." तिथून जे दिसलं ते अजून डोळ्यांपुढे आहे. समोर तुरीच्या काड्या, त्यांचे शेंडे डोक्यावर, डाव्या अंगाला मोहाचं झाड, उजवीकडे बोडीचा सांडवा, दोहोंच्या मधात देवळाचा कळस, आणि खाली चकाकणारं पाणी. बाप्पा, काय चौकट होती! कोणाला स्वप्नात सुचणार नाही.

वर्षभर मी त्या पुस्तकात बुडालो होतो. बायको म्हणायची, "तुमाले काय करायचं हाय माया माहेरचे मढे उकरून? शाळेतले आंबे काढा ना गुपचूप." मी तिच्यावर खेकसायचो. पण दिलेला शब्द पाळला. पुस्तकात बुढीचं नाव नाही. पोरगी नाहीच. कोर्टातसुद्धा साक्षीदाराच्या जागी मी नुसता रिकामा कठडा काढला आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली. खुनाचं पान मात्र पूर्ण पानभर, तुरीच्या काड्यांतून. तो खून मी वरून, पाखराच्या नजरेनंही काढू शकलो असतो. पाळीवरून काढू शकलो असतो. तसं काढलं असतं तर लोक म्हणाले असते, मास्तरनं मनानं काढलं. पण वरून काढलेला खून मिळमिळीत दिसतो. माझी हौस कशाला ऐकते!

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. मंडई म्हणजे जत्राच. पाळणे, मिठाई, लेकीबाळी माहेरी, जवाई पाहुणचाराला. सासुरवाडीच्या मंडईत पुस्तकाचा स्टॉल लावायची अवदसा मला आठवली. प्रकाशकानं आठ फुटी फ्लेक्स करून दिला. त्यावर कोणतं चित्र असणार? तेच. तुरीच्या काड्या, दोन पाठमोरे बाप्ये कमरेइतक्या पाण्यात, आणि दोघांच्या मधून वर आलेला एक हात.

दुपारी गर्दी जमली. पुस्तकाला कोणी हात लावेना, पण फ्लेक्ससमोरून कोणी हलेना. मी खुर्चीत बसून गंमत पाहत होतो. गावचे तीन-चार म्हातारे, जन्मभर त्याच बांध्यांत खपलेले, चित्राला नाक लावून उभे. मला वाटलं, हात पाहतात. माणसं पाहतात. पण माणसांकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते जमीन पाहत होते.

"मोहा डाव्या अंगाले आला ना गा."

"हाव. न् सांडवा उजव्या अंगाले. म्हंजे पाहनारा उगवतीले बसला."

"पाळीवरून नाई दिसे असं. पाळीवरून मोहा पाठीमांगं जाते."

"कळस मधात दिसून राह्यला पाह. कळस मधात कोठून दिसते?"

"तिकोनीवरून."

"तिकोनीच हाय. दुसरीकडून नाईच दिसत."

मी खुर्चीतून उठलो. शहरातल्या शिकलेल्या लोकांना माझी चित्रं समजावून सांगावी लागतात, आणि इथं ज्यांना अक्षर येत नाही ते माझी चौकट इंच-इंच वाचत होते. माझी छाती फुगली. एका म्हाताऱ्यानं वळून मला विचारलं, "जवाईबापू, तिकोनीच्या धुऱ्यावर बसूनच काढलं ना तुमी हे?"

आणि मी, शहाण्यांचा शहाणा, म्हणालो, "बरोबर ओळखलं काका! तिथंच. चिखलात बसून काढलं."

कोणी विचारलं नसतं तरी मी सांगितलं असतं, इतका मी खूश होतो. म्हातारा खूश झाला नाही. तो पुन्हा चित्राकडे वळला. तुरीच्या शेंड्यांवर बोट ठेवलं. "शेंडे डोक्याच्या वर हायेत. पाहनारं बुटकं होतं. लेकरू होतं."

 तिकोनी तेव्हा कोण करत होतं हे सगळ्यांना माहीत होतं. त्या घरात लेकरू एकच होतं हेही माहीत होतं. आणि त्या लेकरानं कोर्टात, मी पाळीवर होते, असं सांगितलं होतं हेही. पुस्तकात मी कुठं काय लपवलं होतं, याच्याशी त्यांना काही देणं-घेणं नव्हतं.  मागं पाहिलं तर बुढीचा थोरला मुलगा उभा. कधीपासून उभा होता, देव जाणे. त्याच्या आज्यानं केलेला खून फ्लेक्सवर आठ फूट लांब, आणि तो खून कोणी सांगितला हेही आता त्याच्या गावाला ठाऊक.

तो मला एक शब्द वाकडा बोलला नाही. आमच्याकडे जवायाला कोणी बोलत नाही. जवायानं घर पेटवलं तरी त्याला आधी पाय धुवायला पाणी देतात. तो म्हणाला, "चला जवाईबापू. जेवन थंडं होऊन राह्यलं."

त्यांच्याच घरी माझं जेवण होतं. बुढी ओसरीवर ताट घेऊन बसलेली, दोन घास खाल्लेले असतील. मला पाहून हसली. तिला काय माहीत! थोरल्यानं वाकून तिच्या पुढचं ताट उचललं आणि सुनेच्या हाती दिलं. "बुढीले आजपासून कोठ्यात दे." कोठा म्हणजे बैलांचा. बुढीनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. तिला कळायला एवढा वेळ लागला जेवढा तिला मान वळवायला लागतो. उठता येईना तर धाकट्यानं दंडाला धरून उठवलं.

आणि माझ्यापुढं पाट मांडला गेला. मी भांडखोर, मी शाळेत हेडमास्तरच्या अंगावर धावून जाणारा! मी मांडी घालून बसलो. त्यांनी आग्रह करकरून वाढलं. थोरला स्वतः रस्सा वाढत होता. "घ्या जवाईबापू, लाजून नका राहू." कोठ्यातून काही आवाज येत नव्हता. मी जेवलो. मटण चांगलं झालं होतं, हे मला आठवतं आणि त्याची मला शरम वाटते.

घरी येताना बायको गाडीवर मागं बसून रडत होती. कुडवा आल्यावर एवढंच म्हणाली, "माया माहेराचा दरवाजा लावला तुमी." मी तिच्यावर खेकसलो नाही. पहिल्यांदाच.

पुस्तक चाललं. हे ऐकायला कडू लागेल, पण खूनच चालतो. नागपुरात कोणीतरी भाषणात त्या एका पानाची पाच मिनिटं तारीफ केली, म्हणे खुनाला साक्षीदाराची नजर दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही हात जोडले.

मधल्या काळात मी दोनदा गावी गेलो. दोन्ही वेळा थोरल्यानं ओसरीवरच बसवलं, चहा पाजला, धानाच्या भावाच्या गोष्टी केल्या, आणि बुढी झोपली आहे म्हणून सांगितलं. या उन्हाळ्यात तिसऱ्यांदा गेलो तेव्हा पुरुष घरी नव्हते. सून म्हणाली, जा, तथी कोठ्यात आहे.

एका खाटेवर ती होती. बाजूला बैल, शेणाचा वास, माश्या. जर्मनची एक थाळी, त्यात वाळलेला भात. अंगात काही उरलं नव्हतं. मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि रडलो, अक्षरशः हुंदके देऊन. म्हणालो, मोठी माय, माझ्यामुळं झालं. ती म्हणाली, "हाव, तुमच्यानंच झालं." समजूत-बिमजूत घातली नाही. मग म्हणाली, "ते पुस्तक दाखवा तं. मले कोनं दाखवलंच नाई."

पुस्तक पिशवीत होतं. मी खाटेच्या कडेला बसून एकेक पान तिच्या डोळ्यांजवळ धरलं. ती बोटानं चाचपत पाहत होती. बोडी ओळखली. मोहा ओळखला. सासऱ्याच्या पाठीवर बोट ठेवलं. मग मागच्या एका पानावर थांबली, तिथं विधवा दारात उभी आहे, अर्ध्या पानाचा चेहरा.

"हे कोन?"

"तीच ना, मोठी माय."

"नाई." तिनं पुस्तक अजून जवळ ओढलं. "हे कोनी दुसरी हाय. तिच्या तोंडावर देवीचे वन होते, हे एवढाले. एक डोळा बारीक. दात पुढं. तिच्याकडं कोनी पाहत नोहोतं, जवाईबापू. पोटुशी कोठून राहीन? मी तेच तं सांगाले गेली होती तुमाले."

 प्रकाशक फोनवर म्हणाला होता, "सर, हिरोइन थोडी अच्छी दिखनी चाहिए, कव्हर पर जाएगी," आणि मी लांब केस, मोठे डोळे, ओलं लुगडं सगळं काढून दिलं होतं. तासभर बसून मी त्या म्हातारीला तूर किती उंच होती ते विचारलं. मेलेली बाई दिसायला कशी होती, हे एकदाही विचारलं नाही.

"आता तं लोक म्हनतीन, अशी देखनी होती म्हंजे झालंच असन," बुढी म्हणाली. तिनं पुस्तक माझ्याकडे सरकवलं आणि कूस बदलली. मी पिशवीतून पेन्सिल काढली होती, म्हणालो, सांगा, मी आत्ता बदलतो, पुढच्या छपाईत घालतो. तिनं पाहिलंसुद्धा नाही. "राहू द्या. जा आता."

मी बाहेर आलो तर थोरला अंगणात ट्रॅक्टरजवळ उभा. आत कोण गेलं होतं हे त्यानं पाहिलं होतं. आवाज चढवला नाही. गाडीपर्यंत सोडायला आला, जवायाला सोडायला यावं लागतं म्हणून आला. मी किक मारणार तेवढ्यात त्यानं हँडलवर हात ठेवला.

"बुढीचं आता जास्त दिवस नाई. डॉक्टरनं सांगतलं. आमी दोघं भाऊ नाई उचलत तिले. आमच्या पोरायलेबी सांगतलं, हात लावाचा नाई." मग अगदी अदबीनं म्हणाला, "खांद्याले चार जन लागते, जवाईबापू. एक तुमी झाले. तीन पाहून ठेवा."

मी हेल्मेट घातलं आणि "बरं" म्हणालो.